बाबांचं पासबुक आणि बँकेचा मालक

परवा साताऱ्याला गेलो होतो, बाबांचं कपाट आवरायचं म्हणून. कपाट काही आवरून झालं नाही, पण खालच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीत युनायटेड वेस्टर्न बँकेचं पासबुक सापडलं. कडा दुमडलेल्या, आतल्या नोंदी निळ्या पेननं हातानं केलेल्या, आणि शेवटच्या पानावर पेन्सिलीनं नुसतं "२८" लिहून त्याभोवती गोल केलेला. म्हटलं हे काय, तर बाबा म्हणाले, "शेअरचे मिळाले ते. एका शेअरला अठ्ठावीस रुपये."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, युनायटेड वेस्टर्न ही साताऱ्याची बँक, १९३६ची. इथल्या कित्येक घरांचे पगार, पेन्शन, लग्नाचे पैसे, सगळं तिच्यात. २००६च्या सप्टेंबरात मोरॅटोरियम लागला, म्हणजे पैसे काढण्यावर मर्यादा आल्या, कारण बँकेचं स्वतःचं भांडवलच संपलं होतं, घ्यायला बरेच जण पुढे आले, शेवटी ३ ऑक्टोबर २००६ला ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली आणि शेअरहोल्डरांना शेअरमागे २८ रुपये रोख दिले. बाबांचं खातं तसंच आयडीबीआयत गेलं. मग २०१९च्या जानेवारीत एलआयसीनं आयडीबीआयचे ५१ टक्के घेतले. आणि बाबांच्या एलआयसीच्या तीन पॉलिसी. तेव्हा ते चहा पिता पिता म्हणाले होते, "म्हणजे माझीच बँक माझ्याच पैशानं मी परत घेतली की. विचारलं मात्र कुणी नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात बरीच वर्षं बसलंय. मी अकाउंट्समधला माणूस, बँकांचे रिझल्ट वाचायची सवय आहे, आणि पेपरात दर तिमाहीला येतं ना, अमुक बँकेत म्युच्युअल फंडांनी हिस्सा वाढवला, परकीय संस्था बाहेर पडल्या वगैरे, ते वाचून आपल्याला वाटतं की हे मोठे लोक आलेत म्हणजे आता बँकेवर कुणाचं तरी लक्ष आहे. संस्थात्मक गुंतवणूकदार म्हणतात यांना. एलआयसी, म्युच्युअल फंड, पेन्शन फंड, एफपीआय म्हणजे परदेशातून शेअरमध्ये पैसे लावणारे. पुस्तकी थिअरी अशी की आपल्यासारख्या ५० शेअरवाल्याला बॅलन्सशीट वाचायला वेळ नसतो, पण यांच्याकडे ॲनालिस्ट असतात, मतं असतात, त्यामुळे मॅनेजमेंट वचकून राहते आणि बँक नीट चालते. आपल्यासारख्या देशात तर हे जास्तच हवं, कारण इथे बँक बुडाली की कोर्टकचेरीत पिढी जाते.

ऐकायला छान आहे. पण गेल्या सात-आठ वर्षांत आपल्याकडच्या खाजगी बँकांमध्ये मोठी माणसं खुर्चीवरून उठली ती कुणामुळे, हे एकदा बसून बघितलं आणि गंमत वाटली.

येस बँक घ्या. मार्च २०१६च्या हिशेबात बँकेनं ७४९ कोटींच्या आसपास एनपीए, म्हणजे अडकलेलं कर्ज, दाखवला होता, आरबीआयनं तपासलं तर तो निघाला ४,९२६ कोटी. साडेसहा पट! हे काही गुपित नव्हतं, पुढच्या वर्षी ॲन्युअल रिपोर्टमध्ये छापून आलं. त्याच्या पुढच्या वर्षी परत तेच, तेव्हाचा फरक ६,३५५ कोटींचा. आता एवढं समोर असताना २०१८च्या जूनमध्ये एजीएम, म्हणजे शेअरहोल्डरांची वार्षिक सभा झाली आणि त्यांनी बँकेचे सीईओ राणा कपूर यांना आणखी तीन वर्षं द्यायचा ठराव पास केला. मंजूर. मग सप्टेंबरमध्ये आरबीआयनं सांगितलं की नाही, ३१ जानेवारी २०१९पर्यंतच. ज्यांचे पैसे लागलेत ते हो म्हणाले आणि ज्याचा एक रुपयाही शेअरमध्ये नाही तो नाही म्हणाला.

ॲक्सिसचं तसंच. सीईओ शिखा शर्मांना बोर्डानं पुढची टर्म दिली होती, आरबीआयनं २०१८मध्ये परत विचार करा म्हटल्यावर ती डिसेंबर २०१८पर्यंत आटपली. इंडसइंडच्या बोर्डानं सीईओ सुमंत कठपालिया यांच्यासाठी तीन वर्षं मागितली, आरबीआयनं ७ मार्च २०२५ला एकच दिलं, आणि तीन दिवसांत बँकेनं जाहीर केलं की डेरिव्हेटिव्हच्या, म्हणजे पुढच्या भावांवरच्या सौद्यांच्या, हिशेबात घोळ आहे, नेटवर्थच्या, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या भांडवलाच्या, २.३५ टक्के एवढा. दुसऱ्या दिवशी शेअर २७ टक्के खाली. तो शेअर कितीतरी म्युच्युअल फंडांच्या स्कीममध्ये होता, म्हणजे तुमच्या माझ्या एसआयपीत. त्यांच्या ॲनालिस्टांना आधी काही वास आला नव्हता का? आला असेल तर गप्प का, आणि नसेल आला तर आपण त्यांना खर्चापोटी दरवर्षी जो टक्का देतो तो कशाचा? ह्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला आवडणारी नाहीत.

आयसीआयसीआयमध्ये तर २०१६ला एका शेअरहोल्डरनं पत्र लिहून व्हिडिओकॉनच्या कर्जाबद्दल प्रश्न विचारले होते. एकटा माणूस, कुठला फंड नाही की संस्था नाही. दोन वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही, मार्च २०१८मध्ये बोर्डानं सीईओ चंदा कोचर यांच्यावर पूर्ण विश्वास असल्याचं जाहीर केलं, आणि मग प्रकरण वाढत वाढत न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या चौकशीपर्यंत गेलं. ऑक्टोबरमध्ये त्या बाहेर. पुढे कोर्टात काय काय झालं तो वेगळा विषय, अटक बेकायदा होती असंही हायकोर्टानं म्हटलंय, त्यात मी पडत नाही. माझा मुद्दा एवढाच की आयसीआयसीआयसारख्या प्रमोटर, म्हणजे मुख्य मालक, नसलेल्या बँकेत बहुतेक सगळा हिस्सा या मोठ्या संस्थांचाच होता, एलआयसी पण त्यात होती, आणि पहिला प्रश्न विचारला कुणी, तर फुटकळ शेअरवाल्यानं.

हां, उलटी उदाहरणं पण आहेत, ती लपवत नाही. ३० जुलै २०१८ला एचडीएफसीच्या एजीएममध्ये (बँक नव्हे, गृहकर्जवाली मूळ कंपनी, तेव्हा वेगळी होती) दीपक पारेख यांच्या फेरनिवडीचा ठराव आला होता. स्पेशल रिझोल्यूशन, म्हणजे ७५ टक्के मतं लागतात. मिळाली ७७.३६. थोडक्यात वाचले! दीपक पारेख म्हणजे त्या घरातले भीष्म, आणि त्यांच्याविरुद्ध २२ टक्क्यांहून जास्त मतं, तीही मुख्यतः परदेशी फंडांची, कारण काय तर हे खूप जास्त बोर्डांवर बसतात, इथे वेळ कसा देणार. आपल्याकडे अनेकांना ते फार उद्धट वाटलं होतं, माझ्या ऑफिसातले एक सीनियर तर दोन दिवस चिडलेले. मला वाटलं बरं झालं. माणूस कितीही मोठा असला तरी प्रश्न साधा होता आणि विचारायला हवा होता.

आणि दक्षिणेत २०२०मध्ये आठवड्याभरात दोन बँकांत शेअरहोल्डरांनी दणका दिला. २५ सप्टेंबरला लक्ष्मी विलास बँकेच्या एजीएममध्ये सीईओसकट सात डायरेक्टर मतदानात पडले, ३० तारखेला धनलक्ष्मी बँकेत सीईओच्या विरोधात ९० टक्क्यांहून जास्त मतं. लोकशाही झिंदाबाद. पण लक्ष्मी विलासची गत आधीच एवढी वाईट होती की नोव्हेंबरात मोरॅटोरियम आला, दहा दिवसांत सिंगापूरच्या डीबीएसच्या भारतातल्या बँकेत विलीन केली, आणि ज्यांनी हात वर करून सात जणांना घरी पाठवलं त्यांच्या शेअरची किंमत शून्य. आमच्या बाबांना निदान अठ्ठावीस तरी मिळाले. बैल गेला नि झोपा केला म्हणतात ते हेच.

आता एवढं सगळं असून हे मोठे फंड गप्प का बसतात यावर मी बराच विचार केलाय, आणि मला वाटतं नुसता आळस नाहीये, घरच तसं बांधलंय. एक तर बँकेत ५ टक्क्यांच्या वर जायचं तर आरबीआयची परवानगी लागते. एलआयसीला एचडीएफसी बँकेत ९.९९ टक्क्यांपर्यंत जायची मिळाली २०२४च्या जानेवारीत, ती बातमी झाली होती. दुसरं, कितीही शेअर घ्या, खाजगी बँकेत एका शेअरहोल्डरचं मत २६ टक्क्यांच्या वर मोजत नाहीत. सरकारी बँकेत सरकार सोडून बाकी कुणाचंही १० टक्क्यांच्या वर नाही, आणि पूर्वी तर ती मर्यादा १ टक्का होती, एक! आणि चार फंड एकत्र बसून म्हणाले की चला या सीईओला जाब विचारू, तर लगेच प्रश्न येतो की हे संगनमतानं वागतायत का, मग त्यांचा हिस्सा एकत्र मोजायचा का. एकीकडे सेबीनं, म्हणजे शेअरबाजाराच्या नियंत्रकानं, म्युच्युअल फंडांसाठी स्टुअर्डशिप कोड आणला, १ जुलै २०२०पासून, कंपन्यांवर लक्ष ठेवा, गरज पडली तर एकत्र येऊन बोला, आणि १ एप्रिल २०२२पासून प्रत्येक ठरावावर मत द्यायलाच हवं असा नियम पण आहे. दुसरीकडे फार एकत्र आलात तर अडचण. मग माणूस काय करतो, सगळ्यात सोपं ते करतो. शेअर विकतो आणि निघतो.

मी एकदा एका फंड हाऊसची मतदानाची फाईल उघडून बसलो होतो, रविवारी दुपारी, बायको म्हणाली याच्यापेक्षा झोप काढ. त्यांना ती वेबसाइटवर टाकावी लागते. शेकडो ओळींची एक्सेल, कंपनीचं नाव, ठराव, बाजूनं की विरोधात, आणि शेवटी कारणाचा रकाना. मी विरोधातली मतं फिल्टर केली, त्यातली बहुतेक स्टॉक ऑप्शन किंवा ऑडिटरची फी असल्या विषयांवर. आणि बाजूनं असलेल्या ठरावांत कारणाच्या रकान्यात खालपासून वरपर्यंत एकच वाक्य, कायद्याची पूर्तता होते, काही चिंताजनक आढळलं नाही. कॉपी पेस्ट. स्पेलिंगची चूकसुद्धा खालपर्यंत तीच. कुणीतरी बिचारा ट्रेनी मार्चएंडला बसून ओढत गेला असणार, सेल पकडायचा आणि खाली ड्रॅग.

तर मग यांचा काहीच परिणाम नाही का? आहे, पण एजीएमच्या हॉलमध्ये नाही. बँक भांडवल मागायला यांच्या दारात येते त्या दिवशी आहे. बँकेचा धंदाच असा की कर्ज वाढवायचं तर भांडवल लागतं, बुडीत कर्जाची तरतूद केली की भांडवल खाल्लं जातं, मग परत बाजारात जा, क्यूआयपी करा, म्हणजे मोठ्या संस्थांनाच नवे शेअर विका. त्या वेळी फंड मॅनेजर समोर बसून विचारतो की हे कर्ज का दिलं, तो अमुक बिल्डर पैसे देतोय का, आणि उत्तर पटलं नाही तर पैसे नाहीत. तिथे मताची गरजच नाही, चेकबुक पुरतं.

येस बँकेचं शेवटचं वर्ष बघा म्हणजे कळेल. २०१९च्या ऑगस्टमध्ये क्यूआयपीतून १,९३० कोटी आले, शेअर ८३.५५ रुपयांना. त्यानं काही भागणार नव्हतं. मग दोन अब्ज डॉलर उभे करायचे ठरले, त्यात एका कॅनडातल्या गुंतवणूकदाराच्या नावानं १.२ अब्जची ऑफर होती जिच्याकडे बघून बाजार हसत होता, आणि जानेवारी २०२०मध्ये बोर्डानं ती सोडून दिली. ज्यांना पुस्तकं वाचता येत होती ते मोठे बरेच आधी काढता पाय घेऊन बसले होते. आणि त्यांनी विकलेले शेअर घेत कोण होतं? आपण. ४०० रुपयांचा शेअर ४०ला मिळतोय म्हणजे स्वस्तच ना. माझ्या एका मित्रानं ३८ला घेतले, मला फोन करून सांगितलं की घे, मी नाही घेतले, हुशारीनं नाही, खात्यात पैसे नव्हते. ५ मार्च २०२०च्या रात्री मोरॅटोरियम लागला, खात्यातून ५० हजारांच्या वर काढता येईनात, दुसऱ्या दिवशी शेअर साडेपाच रुपयांच्या आसपास जाऊन आला. मग स्टेट बँक आणि बाकीच्या बँकांनी १० रुपयांनी शेअर घेऊन ती वाचवली, आणि ज्यांच्याकडे १०० पेक्षा जास्त जुने शेअर होते त्यांचे ७५ टक्के तीन वर्षं कुलपात. मित्राकडे दोन हजार होते.

म्हणजे मोठ्या गुंतवणूकदारानं शिस्त लावली का? लावली म्हणायची, पैसे न देऊन. पण ती शिस्त लागेपर्यंत नुकसानीचं ओझं हळूच छोट्यांच्या खांद्यावर सरकलेलं होतं. हे मला कुठल्याच पाठ्यपुस्तकात नीट लिहिलेलं दिसलं नाही.

आता परत आयडीबीआयकडे, कारण बाबांचा प्रश्न राहिलाच. ही केस वेगळी आहे, इथे मोठा गुंतवणूकदार विकून निघाला नाही, उलट आत ढकलला गेला. आयडीबीआयची अवस्था २०१७-१८मध्ये देशात सगळ्यात वाईट होती म्हणा ना, किंगफिशरपासून मोठमोठी कर्जं अडकलेली, मे २०१७पासून आरबीआयच्या पीसीएत, म्हणजे निर्बंधांखाली, सप्टेंबर २०१८ला ग्रॉस एनपीए ३१.७८ टक्के. शंभर रुपये कर्ज दिलं तर जवळजवळ बत्तीस अडकलेले. विमा कंपनीला एका कंपनीत १५ टक्क्यांच्या वर जाता येत नाही असा नियम, तो खास एलआयसीसाठी बाजूला ठेवला आणि तिनं २१,६२४ कोटी घालून ५१ टक्के घेतले. त्यानंतरही २०१८-१९ला १५,११६ कोटींचा तोटा, पुढच्या वर्षी १२,८८७ कोटींचा. सप्टेंबर २०१९मध्ये परत ९,३०० कोटी, एलआयसी आणि सरकार मिळून. आणि मग गाडी वळली. २०२०-२१ला १,३५९ कोटी नफा, मार्च २०२१मध्ये पीसीएतून बाहेर, आणि २०२४-२५ला ७,५१५ कोटींचा नफा, ग्रॉस एनपीए ३ टक्क्यांच्या खाली.

बघितलंत, एलआयसी आली आणि बँक सुधारली! मी पण असंच म्हणत होतो दोन वर्षं. मग एकदा सहज बँक ऑफ महाराष्ट्रचे आकडे शेजारी ठेवले. ती पण २०१७ला पीसीएत गेलेली, मार्च २०१८ला ग्रॉस एनपीए १९.४८ टक्के, जानेवारी २०१९मध्ये बाहेर, मार्च २०२५ला १.७४ टक्के. आणि तिथे मालक पहिल्यापासून शेवटपर्यंत सरकारच, संस्थांचा हिस्सा नावापुरता. २०२४च्या ऑक्टोबरात क्यूआयपी केला ३,५०० कोटींचा, मोठे लोक आले, पण ते बँक सुधारल्यावर आले. सुधारायला नाही आले.

मग श्रेय कुणाचं? मला विचाराल तर २०१५ला आरबीआयनं सगळ्यांची बुडीत कर्जं चव्हाट्यावर आणायला लावली, २०१६ला दिवाळखोरीचा कायदा आला, सरकारनं लाखांनी कोटी ओतले, बरंचसं कर्ज राइट-ऑफ झालं, म्हणजे ताळेबंदातून काढून टाकलं, आणि पीसीएमुळे मोठ्या उद्योगपतींना कर्ज देण्याचे लाडच बंद झाले. दोन्ही बँकांना हेच औषध. एलआयसीचा वाटा त्यात पैशांचा आहे, मोठा आहे, नाही म्हणत नाही, तो नसता तर सरकारला बजेटमधून घालावे लागले असते. पण एलआयसीनं बोर्डावर माणसं बसवून बँकेला काही वेगळं शिकवलं याचा पुरावा मला तरी आकड्यांत दिसत नाही. एलआयसीकडे त्या आधीच्या वाईट वर्षांतही आयडीबीआयचे शेअर होतेच की, तेव्हा काय केलं?

आणि एक बारीक गोष्ट. मालक झाल्याबरोबर बँकेच्या काउंटरवर एलआयसीच्या पॉलिसी विकायला सुरुवात झाली. मालक तोच, पुरवठादार तोच, आणि त्या मालकाचा मालक सरकार. पी. जे. नायक समितीनं २०१४मध्ये सांगून ठेवलं होतं की सरकारनं बँकांतला हिस्सा ५० टक्क्यांच्या खाली आणावा आणि बँकेचं बोर्ड मोकळं करावं. इथे सरकारचा हिस्सा खाली आला खरा, पण सरकारच्याच दुसऱ्या खिशात गेला. कागदावर बँक खाजगी झाली, २१ जानेवारी २०१९पासून आरबीआयच्या यादीत खाजगीच आहे. बाबांना हे सांगितलं तर ते पाच मिनिटं हसत होते. २०२२च्या ऑक्टोबरात सरकार आणि एलआयसीनं मिळून ६०.७२ टक्के विकायला काढले, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं नुसतं होतंय, होणार, झालंच म्हणून समजा.

माझ्याकडे एका खाजगी बँकेचे ६० शेअर आहेत (कुठली ते सांगत नाही). परवा पासबुक सापडलं त्याच संध्याकाळी ई-व्होटिंगची मेल आली होती, बाबांच्या शेजारी झोपाळ्यावर बसून मोबाईलवर लॉगिन केलं, ओटीपी आला, चौदा ठराव, प्रत्येकापुढे तीन गोल, बाजूनं, विरोधात, तटस्थ. बाबा चष्मा लावून वाकून बघत होते. म्हणाले एलआयसी पण असंच गोल दाबते का? म्हटलं हो, तिचे गोल मोठे असतात. "मग माझ्या पॉलिसीचं मत ती कुणाला देते ते मला दिसतं का?" म्हटलं शोधायला लागेल. तर म्हणाले, "शोध. आणि हे चार नंबरचं काय आहे, सीईओचा पगार? तिथे विरोधात दाब."

दाबलं.